सत्तरला एक कमी

गुरुजी, तुम्ही गेलात त्याला सोळा वर्षं झाली. मी दहावीत असताना तुमचं एक पोस्टकार्ड आलं होतं. त्याचं उत्तर द्यायचं राहून गेलं, असं मी आजवर स्वतःला सांगत आलो. राहून गेलं नव्हतं, मी दिलं नव्हतं. आज ते कार्ड समोर ठेवून बसलो आहे. त्यावर माझं नाव-गाव आहे, तुमची सही आहे, एकोणीस अंकांचा एक आकडा आहे आणि त्याखाली एकच ओळ: "एकदा जुळवून पाहा." कार्डाचे कोपरे मऊ पडलेत, शाई तपकिरी झाली आहे, पण अंक सगळे वाचता येतात. तुमचे अंक नेहमीच वाचता यायचे. सहाचं पोट आणि सातची वाटी यांत तुमच्या हातून कधी घोळ झाला नाही.

मी काय करतो ते तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही. दोंडाईच्याला स्टेशनच्या रस्त्यावर माझं सेवा केंद्र आहे. दाखले, आधार दुरुस्ती, पेन्शनच्या हयातीचा अर्ज, पीकविमा, जे काही माणसाला सरकारकडून हवं असतं आणि एकट्याला जमत नाही, ते मी संगणकावर भरून देतो. आमच्या धंद्यात पहिलं काम संशय घेण्याचं. फोटोतला हाच का, सही ह्याचीच का, जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरी का. समोरचा माणूस खरं बोलत असेल असं धरून चालायचं नाही, हे मला कुणी शिकवलं नाही. ते माझ्यात आधीपासून होतं. कुठपासून होतं, हेच आज लिहायला बसलो आहे.

आपली शाळा तुम्हाला आठवत असेलच. सातवीपर्यंतची, दोन खोल्या आणि ओटा. तुम्ही जळगावकडचे, पुस्तकासारखी मराठी बोलायचात. आम्ही घरी अहिराणी बोलणारी पोरं, तुमच्यापुढे आलो की जीभ चावायचो. माझ्या आईला शाळेचे आकडे येत नव्हते. ती वीस-वीसने मोजायची. एकोणसत्तर शेंगा असल्या तर ती 'तीन ईसा नि नऊ' म्हणायची, तीन वेळा वीस आणि वर नऊ. घरात एक मोजणं आणि शाळेत दुसरं. तुमचे एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणसाठ मला ऐकायला फार आवडायचे, पण ते माझ्यासाठी बाहेरगावचे पाहुणे होते. नावं पाठ होती, घर कुणाचं कुठलं ते नक्की नव्हतं.

मूळ संख्या तुम्ही चिंचोक्यांनी शिकवल्यात. प्रत्येकाला मूठभर चिंचोके दिलेत आणि म्हणालात, सारख्या ओळी लावा. बारा असले की तीन ओळी चारच्या होतात, पंधरा असले की तीन ओळी पाचच्या. मला तेरा मिळाले होते. मी दोनच्या लावल्या, तीनच्या लावल्या, चारच्या लावल्या, दर वेळी एक चिंचोका बाहेर उभा राहिला. मला वाटलं तुम्ही मुद्दाम मला कमी दिला. बघा, तेव्हासुद्धा. तुम्ही वाकून पाहिलंत आणि म्हणालात, "तुझ्या वाट्याला मूळ संख्या आली. ती कुणाच्या ओळीत बसत नाही." मग मला वाटलं, हे बोलणं चिंचोक्यांबद्दल आहे की माझ्याबद्दल.

संध्याकाळी मी तुमच्या खोलीवर यायचो. तुमच्या घरच्या बाई चुलीपुढे ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापत असायच्या, पहिली भाकरी माझ्या हातावर ठेवायच्या, वर तेल-तिखट. तुम्ही लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर आकडे मांडत बसलेले असायचात. तिथे तुम्ही मला दुप्पटीचा खेळ दाखवलात. दोन, चार, आठ, सोळा असं दुप्पट करत जायचं आणि हव्या त्या पायरीवर थांबून एक वजा करायचा. दुसऱ्या पायरीवर तीन येतात, तिसरीवर सात, पाचवीवर एकतीस, सातवीवर एकशे सत्तावीस. सगळ्या मूळ. मी लगेच म्हणालो, मग अकराव्या पायरीवरही मूळच येणार. तुम्ही हसलात आणि करून बघ म्हणालात. दोन हजार सत्तेचाळीस आले. मी मूळ म्हणून पत्रिकेवर खूण केली. दोन दिवस तुम्ही काही बोलला नाहीत, तिसऱ्या दिवशी त्याच पत्रिकेवर तेवीस गुणिले एकोणनव्वद करून दाखवलंत. दोन हजार सत्तेचाळीस. मला फसवलं गेल्यासारखं वाटलं. तुम्ही म्हणालात, अकराव्या पायरीने भल्याभल्यांना फसवलंय, म्हणून पुढे गेल्यावर कुठल्याच पायरीवर नुसता विश्वास ठेवायचा नाही.

मग तुम्ही एकसष्टाव्या पायरीचा आकडा सांगितलात. दोन एकसष्ट वेळा मांडून गुणायचे आणि एक वजा करायचा. एवढा मोठा आकडा मूळ आहे, म्हणालात, आणि रशियातल्या कुठल्याशा खेड्यातल्या चर्चच्या पुजाऱ्याने तो शंभर वर्षांपूर्वी हाताने तपासून काढला होता. मंत्र म्हटल्यासारखा तुम्ही तो जोड्याजोड्यांनी म्हटलात. दोन, तीस, अठ्ठावन्न, त्रेचाळीस, शून्य शून्य, ब्याण्णव, तेरा, एकोणसत्तर, एकोणचाळीस, एक्कावन्न. मला तो दोन दिवसांत पाठ झाला. अजून पाठ आहे. सकाळी दिवा लावून स्तोत्र म्हणताना मन भरकटलं तर कधीकधी मधेच हा आकडा सुरू होतो. मी तुम्हाला म्हणालो, मला वहीत लिहून घ्यायचाय. तुम्ही सांगत गेलात, मी लिहीत गेलो. बाईंनी तेवढ्यात तुम्हाला चुलीतलं लाकूड सारायला बोलावलं, म्हणून तुम्ही वहीत डोकावला नाहीत.

त्याच आठवड्यात कर्कटकाचं प्रकरण झालं. माझं कर्कटक हरवलं आणि मी शेजारी बसणाऱ्यावर आळ घेतला, कारण त्याच्याकडे स्वतःचं नव्हतं. एवढंच कारण. तुम्ही सगळ्यांची दप्तरं ओतायला लावलीत. कर्कटक माझ्याच दप्तराच्या फाटलेल्या अस्तरात निघालं. पोरं हसली. तुम्ही हसला नाहीत. मला त्याच्यापुढे उभं करून चुकलो म्हणायला लावलंत आणि मग जे बोललात ते मी कधी विसरलो नाही: "संशय घ्यायचा तर आधी आकड्यावर घे. माणसावर मागून." मी मान खाली घालून ऐकलं आणि मनात म्हटलं, ठीक आहे, आकड्यावर घेतो.

घरी जाऊन वही उघडली आणि तुमच्या त्या आकड्याला तुम्हीच शिकवलेल्या कसोट्या लावायला बसलो. तीनची लागली नाही. सातचा भाग कागदभर करून पाहिला, बाकी उरली. मग अकराची कसोटी. एक सोडून एक अंकांची बेरीज करायची, उरलेल्यांची वेगळी करायची, दोन्ही सारख्या आल्या की अकराने भाग जातो. पहिली बेरीज आली सदतीस. दुसरी बेरीज आली सदतीस. मी ती पाच वेळा केली. शेवटच्या वेळी आईला शेंगा मांडायला लावून तिच्याकडून मोजून घेतली. तिने दोन्ही ढिगांकडे पाहून सांगितलं, "एक ईस नि सतरा. दोन्हीबी सारखाच शेतस." शंभर वर्षांपूर्वीचा पुजारी, रशियातलं खेडं, सगळं अकराने भागलं जात होतं.

तेव्हा तुमच्याकडे यायला हवं होतं. मी आलो नाही. शाळेच्या तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब येणार होते, त्यांच्यासाठी मी ते राखून ठेवलं.

साहेब आले त्या दिवशी तुम्ही मला उभं केलंत आणि तो आकडा म्हणायला लावलात. मी न अडखळता म्हटला. साहेब खूश झाले, फळ्यावर लिही म्हणाले. मी लिहिला. २३०५८४३००९२१३७९३९५१. साहेबांनी विचारलं, "मूळ संख्या ना ही?" मी म्हणालो, "नाही साहेब, गुरुजी मूळ म्हणतात, पण अकराने भाग जातो." आणि फळ्यावर दोन्ही बेरजा करून दाखवल्या. साहेबांनी खडू घेऊन स्वतः मोजलं. मग ते मोकळेपणी हसले आणि तुम्हाला म्हणाले, "अहो, आता तुम्हाला अकरे गुरुजी म्हणायला हवं."

तुम्ही फळ्याजवळ आलात. आकडा डावीकडून वाचत गेलात आणि उजवीकडे एका जागी थांबलात. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात विचारलंत, "एकोणसत्तर लिहिलंस का?" मी म्हणालो, "हो गुरुजी." "बरं," म्हणालात. "बस खाली."

बस, एवढंच. साहेबांपुढे तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. मी त्या गप्प बसण्याचा अर्थ लावला की पकडले गेलात. दुपारपर्यंत शाळेत, संध्याकाळपर्यंत गावात तुमचं नाव अकरे गुरुजी झालं. पारावर बसलेला माणूसही विचारायचा, काय रे, अकरे गुरुजी आले का शाळेत. मला कुणी काही म्हटलं तर मी मोठेपणाने हसायचो. उन्हाळ्यात तुमची बदली साक्रीच्याही पलीकडे, डोंगरातल्या एका गावी झाली. साहेबांच्या शेऱ्यामुळे झाली की व्हायचीच होती, ते मला आजही माहीत नाही. तुम्ही सामान टेम्पोत भरत होतात तेव्हा मी ओट्यावरून पाहत होतो. बाईंनी हात केला. मी केला की नाही, आठवत नाही. केला नसणार.

तीन वर्षांनी हे कार्ड आलं. आता नीट सांगतो, कारण इथे मी स्वतःलाही बरीच वर्षं खोटं सांगितलं आहे. मी ते वाचून फेकून दिलं नाही. मी जुळवून पाहिलं. सातवीची वही काढली, कार्ड शेजारी ठेवलं आणि अंकावर अंक बोट ठेवत गेलो. तेराव्या अंकापर्यंत सगळं जुळलं. चौदाव्यावर माझ्या वहीत सात होता, तुमच्या कार्डावर सहा. सहाने बेरीज छत्तीस होते, दुसरी सदतीसच राहते, आणि अकराचा भाग तुटतो. मी दहावीत होतो, हे दोन मिनिटांत कळलं. आणि कळल्याबरोबर मी काय ठरवलं माहीत आहे? की तुम्ही आकडा बदललात. तीन वर्षं विचार करून एक अंक असा फिरवलात की अकरा सुटावेत, आणि आता मला कार्ड पाठवून म्हणताय जुळवून पाहा. मला तुमची कीव आली. वहीत लिहिताना मी काय ऐकलं होतं, हा प्रश्न मला पडलाच नाही. तोंडाने मी तेव्हाही एकोणसत्तरच म्हणत होतो.

कार्ड मी आईच्या पोथीत ठेवलं. पोथीत का ठेवलं, हेही एक विचारण्यासारखं आहे. ज्याला खोटं समजलो ते देवाजवळ कशाला ठेवायचं. पण फाडवेना.

मग जळगावचं सांगतो. तुम्ही निवृत्त होऊन लेकीकडे राहायला गेल्याचं कळलं होतं. आपल्या वर्गातल्या एकाने, ज्याच्यावर मी कर्कटकाचा आळ घेतला होता त्यानेच, निरोप दिला की गुरुजी आजारी आहेत, तुझं नाव काढतात. त्याच आठवड्यात माझं केंद्राचं प्रशिक्षण जळगावला होतं. दुपारी सुटल्यावर मी अर्धा डझन केळी घेऊन तुमच्या गल्लीपर्यंत आलो. कोपऱ्यावर उभा राहिलो आणि मनात आलं, माझं नाव आताच का काढलं असेल? मी केंद्र टाकल्याचं कुणीतरी सांगितलं असणार. कसला तरी दाखला काढून हवा असेल, पेन्शनचं अडलं असेल. तिथूनच परत फिरलो. केळी एसटीत शेजारच्या बाईच्या मुलांना दिली. महिनाभराने तुम्ही गेल्याचं कळलं. दाखल्यासाठी कुणीही आलं नाही.

हे सगळं असंच राहिलं असतं. माझ्या केंद्रात दहा वर्षांपासून एक पाटी आहे: "मोबाईल नंबर एकेक आकडा सांगावा. जोडीने सांगू नये." लोक नंबर जोडीने सांगतात, ओटीपी भलत्याच्या फोनवर जातो, मग सगळं पुन्हा. ही पाटी मी लोकांच्या चुकांना कंटाळून लावली. लोक चुकीचं सांगतात, असं मी धरून चाललो होतो. या श्रावणात, कानबाई देवीच्या सणाच्या आदल्या आठवड्यात, खेड्यावरचे एक म्हातारे नवरा-बायको आले. आबांना आधारला मोबाईल जोडायचा होता. आबा पाटी वाचू शकत नव्हते, त्यांनी नंबर जोडीने सांगितला. मी भरला. ओटीपी आला नाही. पुन्हा विचारला, पुन्हा भरला, पुन्हा नाही. तिसऱ्या वेळी मी हात थांबवून म्हणालो, "आबा, नंबर तुमचाच आहे ना? दुसऱ्याचा नंबर देऊन चालत नाही." माझा आवाज मला माहीत आहे, त्यात काय होतं तेही माहीत आहे. आबा गोंधळले, फोन उलटसुलट करून पाहू लागले.

अक्का इतका वेळ बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या उठून टेबलाशी आल्या आणि माझ्या पडद्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "नंबर यासनाच शे भाऊ. तुना कान कोना शे?" रांगेतले हसले. मी म्हटलं, काय चुकलं सांगा. त्या म्हणाल्या, "आम्ही एकोणसत्तर सांगी राह्यनूत. सत्तरले एक कमी. तू सत्तरना पुढे जायी राह्यना." आणि मला कळत नाही असं पाहून त्यांनी बोटं पुढे केली. "तीन ईसा नि नऊ."

आईचा आवाज ऐकल्यासारखं झालं. पडद्यावर मी दोन्ही वेळा ७९ भरले होते. ६९ भरले, आबांच्या हातातला फोन लगेच वाजला. आबा नुसते हसले. अक्का बाकावर जाऊन बसल्या आणि शेजारणीला म्हणाल्या की शिकेल माणूस शे, पण सत्तरले घाबरस.

पुढचे अर्ज मी कसे भरले ते मला सांगता येणार नाही. फळा दिसत होता. तुम्ही उजवीकडे एका जागी थांबलेले दिसत होतात. "एकोणसत्तर लिहिलंस का?" तुम्ही बरोबर शब्द विचारला होतात आणि मी ७९ लिहून त्या शब्दाला खरोखर हो म्हणालो होतो. एकोणचाळीस मात्र मी बरोबर लिहिला होता. तो का चुकला नाही, याचा विचार केला तेव्हा आठवलं, माझा हजेरी क्रमांक एकोणचाळीस होता. तो रोज ऐकून घरचा झाला होता. एकोणसत्तर कुणी घरचा केला नाही.

घरी कानबाईच्या साफसफाईसाठी कपाटं रिकामी केली, पोथी काढली, कार्ड काढलं. तरी माझा स्वभाव जात नाही. कार्डावर विश्वास ठेवायचा तर ते तुमच्या हातचं. फोनवर पाहिलं, तर तिथे तोच आकडा होता, सहा असलेला, आणि त्या खेड्यातल्या पुजाऱ्याची हकिगतही होती. तीही खरी निघाली. पण फोनवर काय, कुणीही काहीही लिहितं. म्हणून रविवारी दुपारी जुन्या अर्जांचे पाठकोरे कागद घेऊन बसलो आणि दुप्पट करायला लागलो, जे तुम्ही पत्रिकेवर दाखवलं होतं आणि जे मी सातवीत एका संध्याकाळी करू शकलो असतो. दोन, चार, आठ. दहाव्या पायरीला एक हजार चोवीस. विसाव्या पायरीनंतर आकडे मोठे झाले, तिसाव्यानंतर कागद आडवा धरावा लागला. हातचा दोनदा चुकला, मागे जाऊन सुधारला. साठावी पायरी आली ११५२९२१५०४६०६८४६९७६. तिची दुप्पट केली, एक वजा केला. २३०५८४३००९२१३६९३९५१. कार्ड शेजारी ठेवलं आणि पुन्हा अंकावर अंक बोट ठेवत गेलो. सहा. तुमचा सहा. तुम्ही काहीही फिरवलं नव्हतं.

तो आकडा मूळ आहे, हे मात्र मला हाताने पाहता येणार नाही. आता जी रीत सांगतात ती वाचली. चारपासून सुरुवात करायची, वर्ग करायचा, दोन वजा करायचे, या आकड्याने भागून बाकी ठेवायची, पुन्हा वर्ग, पुन्हा दोन वजा. असं एकोणसाठ वेळा. हे एकोणसाठ मी अंकांत नीट पाहून घेतलं. शेवटी बाकी शून्य आली की आकडा मूळ. एवढं गणित माझ्याकडून या जन्मी होणार नाही. ते मी मानून घेतलं. रोज दिवा लावतो तेव्हा देवीकडे कुठला पुरावा मागत नाही, आणि एका माणसाने, जो मला पहिली भाकरी खायला घालत होता, सांगितलेला आकडा मानायला मला छत्तीस वर्षं लागली. हे दोन्ही एकाच छातीत कसं राहिलं, मला समजत नाही.

आणि तरी, गुरुजी, संशय पूर्ण गेलेला नाही. तुम्ही फळ्यावर चूक पाहिलीत, हे आता नक्की आहे. मग बोलला का नाहीत? साहेबांपुढे माझी फजिती होऊ नये म्हणून नाव स्वतःवर घेतलंत, असं एक मन म्हणतं. दुसरं म्हणतं, आदल्या आठवड्यात मला सगळ्यांसमोर चुकलो म्हणायला लावलं होतंत, त्याचं तुम्हालाच वाईट वाटलं असेल. तिसरं म्हणतं, तुम्ही वाट पाहत होतात की हा पोरगा घरी जाऊन दुप्पट करून पाहील आणि उद्या स्वतः येईल. तुम्ही वाट पाहिली असेल तर किती दिवस, हे मला विचारायचं आहे. सामान टेम्पोत भरेपर्यंत? कार्ड टाकेपर्यंत? की जळगावच्या त्या गल्लीतसुद्धा? उत्तर द्यायला तुम्ही नाही, आणि माझ्या मनात जे उत्तर येतं त्यावर मी विश्वास ठेवू शकत नाही, कारण ते माझ्या सोयीचं असतं.

केंद्रातली पाटी मी काढली नाही. खाली एक ओळ वाढवली आहे: "एकोणसत्तर असल्यास बोटांनी दाखवावे." लोकांना गंमत वाटते. मी कारण सांगत नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं, हा प्रश्नच नाही. कार्डाबरोबर पोथीत ठेवीन. पण ठेवण्याआधी एक गोष्ट लिहिली पाहिजे. तुमची ती गोष्ट, साहेब, फळा, सदतीस-सदतीस, अकरे गुरुजी, मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो. कंटाळवाण्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत, कुठेही. ती मला चांगली सांगता येते. दुप्पट करून पाहिली तो रविवार होता. पुढच्या मंगळवारी आपल्या गावचा एक जण रेशनकार्डाच्या कामाला आला, बाकावर बसला आणि शेजारच्याला म्हणाला, थांब, ह्याच्याकडून अकरे गुरुजींची गोष्ट ऐक. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सांग ना रे."

मी सांगितली. पहिल्यासारखीच. सदतीस-सदतीसला दोघंही हसले, आणि मीही.